'सिमिसोला' : वाचकांचे आक्षेप आणि एका नावाचा शोध

रूथ रेंडेल यांच्या 'सिमिसोला' (१९९४) या कादंबरीविषयी वाचकांशी बोलताना दोन तक्रारी हटकून कानावर पडतात. रहस्य रंगत नाही, ही पहिली. गुन्हेगार कोण हे अखेरीस कळते, पण कळल्यावर धक्का बसत नाही. दुसरी तक्रार अधिक त्राग्याने केली जाते : लेखिका उपदेश करू लागते, वर्णद्वेष, बेकारी, घरकामगारांचे शोषण असले विषय खुनाच्या गोष्टीत हवेतच कशाला? या दोन्ही तक्रारींमागे रहस्यकथेविषयीची एक ठाम समजूत आहे, आणि 'सिमिसोला' नेमकी त्या समजुतीच्या आड येते असे मला वाटते. (पुढील मजकुरात कथानक बरेचसे उघड होणार आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधी कादंबरी वाचावी. गुन्हेगाराचे नाव मात्र मी सांगणार नाही, कारण त्याची गरज पडत नाही.)

चीफ इन्स्पेक्टर वेक्सफर्ड हा रेंडेल यांचा नायक 'फ्रॉम डून विथ डेथ' (१९६४) या त्यांच्या पहिल्या कादंबरीपासूनचा. ससेक्स परगण्यातले किंग्जमार्कम हे काल्पनिक गाव, पत्नी डोरा, दोन मुली, सहकारी माइक बर्डन, आणि भरपूर वाचन असलेला, सहृदय, थोडा स्थूल असा हा पोलीस अधिकारी. वाचक त्याच्यावर प्रेम करतात ते मुख्यतः तो 'चांगला माणूस' आहे म्हणून. 'सिमिसोला'मध्ये त्याचे फॅमिली डॉक्टर असलेले रेमंड अकांडे हे मूळचे नायजेरियाचे. त्यांची पदवीधर मुलगी मेलनी नोकरीच्या शोधात रोजगार केंद्रात जाते आणि बेपत्ता होते. काही दिवसांनी रानात पुरलेले एका कृष्णवर्णीय तरुणीचे प्रेत सापडते. वेक्सफर्ड स्वतः अकांडे दांपत्याला ती बातमी सांगतो, त्यांना शवागारात नेतो. चादर बाजूला होते. ती मेलनी नसते.

कादंबरीचे मर्म या प्रसंगात आहे, आणि वाचकांचा खरा रागही येथूनच सुरू होतो. 'वेक्सफर्डसारखा माणूस इतकी ढोबळ चूक कशी करील?' असे ते विचारतात. प्रश्न योग्य आहे, पण तो विचारताना वाचक एक गोष्ट विसरतो : प्रेत सापडले तेव्हा त्यालाही ती मेलनीच वाटली होती. गावात कृष्णवर्णीय माणसे मोजकी, बेपत्ता मुलगी एक, प्रेत एक. बेरीज आपोआप होते. रेंडेल यांनी हा सापळा वेक्सफर्डसाठी लावला आहे तसा वाचकासाठीही. मुलीची आई लॉरेट हिचा संताप त्या शवागारात उफाळून येतो तेव्हा तो पुस्तकाच्या पानांबाहेरही पोहोचतो. एका शब्दाचाही उपदेश न करता, निव्वळ कथानकाच्या मांडणीतून हे साधले आहे. ज्या कादंबरीवर उपदेशाचा आरोप होतो तिच्यातला सर्वांत बोचरा क्षण हा असा निःशब्द आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. वेक्सफर्ड उद्धट नाही. उलट अकांडे कुटुंबाशी वागताना तो जरुरीपेक्षा अधिक सौजन्य दाखवतो, स्वतःच्या मनावर पहारा ठेवतो. तरीही चूक होते, आणि ती होते रोजच्या कामकाजात : नोंद, वर्णन, ओळख पटवणे या सवयीच्या पायऱ्यांवर. पोलिसी तपासाच्या कादंबरीची सारी भिस्त या पायऱ्यांवर असते. एखादा प्रतिभावान गुप्तहेर नव्हे, तर संथ, शिस्तबद्ध पद्धत अखेर सत्यापर्यंत पोहोचते, असा या प्रकाराचा वाचकाशी अलिखित करार आहे. रेंडेल त्या पद्धतीतच पूर्वग्रह मुरलेला दाखवतात. वाचक अस्वस्थ होतो तो यामुळे, आणि ते स्वाभाविक आहे.

काळाचा संदर्भही ध्यानात घ्यावा. लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला तो एप्रिल १९९३ मध्ये. त्या खुनाच्या तपासातील पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करणारा मॅकफर्सन अहवाल आला फेब्रुवारी १९९९ मध्ये. संस्थात्मक वर्णद्वेषाची व्याख्या करताना त्या अहवालाने नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहाचाही त्यात समावेश केला. 'सिमिसोला' या दोहोंच्या मधली. 'चांगला माणूस असे करणार नाही' हे वाचकांचे म्हणणे त्या अहवालानंतर टिकणे कठीण आहे.

आता रहस्य रंगत नाही या तक्रारीकडे वळू. ती मेलनी नव्हती, तर मग कोण? त्या मुलीची बेपत्ता म्हणून नोंद नाही, तिला कोणी शोधत नाही. तपासाच्या कागदांत काहीतरी नाव हवे, म्हणून वेक्सफर्ड तिला 'सोजर्नर' म्हणू लागतो. हे नाव सोजर्नर ट्रूथ या अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी कार्यकर्तीवरून घेतलेले. गंमत अशी, की गुलामगिरीत जन्मलेल्या त्या बाईने १८४३ साली हे नाव स्वतः निवडले होते. इथे मात्र ते पोलीस देतात, मेलेल्या मुलीला. खरे नाव येते अगदी शेवटी : सिमिसोला. म्हणजे पुस्तक हातात घेतल्यापासून ते नाव वाचकासमोर मुखपृष्ठावर होते. फक्त ते कोणाचे, हे ठाऊक नव्हते. खुनी कोण यापेक्षा 'मेली ती कोण' हे या कादंबरीचे रहस्य आहे. या दृष्टीने पाहिले तर शेवट मुळीच पडत नाही. योरुबा भाषेत या नावाचा अर्थ साधारणपणे 'ऐश्वर्यात विसावा' असा आहे, आणि ही मुलगी एका सधन घरात बिनपगारी, मारझोड सोसत राबत होती.

सगळे आक्षेप असे निकालात निघत नाहीत. वेक्सफर्ड आणि बर्डन यांच्यातले काही संवाद खरोखरच व्याख्यानाच्या वळणावर जातात. रोजगार केंद्रातल्या ॲनेट बिस्टॉकच्या खुनाचा धागा मध्ये फार ताणला आहे. उलट वेक्सफर्डची मुलगी सिल्व्हिया आणि तिचा नवरा नील यांच्या बेकारीचे उपकथानक अनेकांना पाल्हाळ वाटते, ते मला आवश्यक वाटते. बेकारभत्त्याच्या रांगेतली लाज वेक्सफर्डच्या घरातही पोहोचते ती त्यातून.

'आता हे सारे जुने झाले' असेही काही तरुण वाचक म्हणतात. त्या काळी मालकाबरोबर ब्रिटनमध्ये आलेल्या घरकामगाराचा तेथे राहण्याचा हक्क त्या मालकाशी बांधलेला असे. घर सोडले की हक्क संपला. १९९८ मध्ये मालक बदलण्याची मुभा मिळाली, आणि २०१२ मध्ये ती पुन्हा काढून घेतली गेली. रेंडेल स्वतः १९९७ पासून हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य होत्या. २०१५ साली त्या वारल्या. त्यांच्या हयातीतच त्यांच्या कादंबरीचा विषय एकदा जुना होऊन पुन्हा ताजा झाला होता.

एक आक्षेप मात्र मला खोडून काढता येत नाही, आणि तो फारसा कोणी घेतही नाही. सव्वातीनशेच्या आसपास पानांत सिमिसोलाला बोलायला जागा नाही. ती आपल्यापर्यंत येते ती शवविच्छेदनाच्या अहवालातून आणि तिला ओझरते भेटलेल्यांच्या जबान्यांतून. हा दोष लेखिकेचा की या कथाप्रकाराचा, हे ठरवणे अवघड आहे. पोलिसी तपास प्रेतापासून सुरू होतो, आणि प्रेताविषयी बोलतात ते इतर. रेंडेल यांनी तिला नाव मिळवून दिले. तिचे म्हणणे काय होते ते कळायला दुसऱ्याच तऱ्हेची कादंबरी लागली असती, आणि तीत वेक्सफर्डला बहुधा कामच उरले नसते.