तो एप्रिल आमचाही होता

१९९४ साली ईस्टरचा सण ३ एप्रिलला आला होता. आमच्या धर्मग्रामांतून जागरणविधीच्या मिस्सा झाल्या, पास्काची मेणबत्ती पेटली, आलेलुया गायिले गेले. आफ्रिकेच्या मध्यभागी असलेल्या रवांडा नामक चिमुकल्या देशातही तेच आलेलुया घुमले असणार, कारण त्या देशातील साठ टक्क्यांहून अधिक प्रजा कॅथॉलिक होती. त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ एप्रिलच्या रात्री, राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान किगालीजवळ पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी जी कत्तल सुरू झाली ती शंभर दिवस थांबली नाही. मारले गेलेले बहुतेक लोक तुत्सी. त्यांच्यासोबत या पापात सामील होण्यास नकार देणारे हुतूही. आकडा सुमारे आठ लाख. रवांडाचे शासन तो दहा लाखांवर सांगते.

त्या महिन्यात जग झोपले होते असे म्हणता येणार नाही. जग फार जागे होते. १० एप्रिलला बोस्नियातील गोराझ्दे वाचविण्यासाठी नाटोच्या विमानांनी सर्ब ठाण्यांवर बाँब टाकले. १५ एप्रिलला मोरोक्कोतील माराकेश येथे शंभराहून अधिक राष्ट्रांनी गॅट करारावर सह्या केल्या. भारताच्या वतीने वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली, आणि डंकेल प्रस्तावावरून आपल्याकडे किती रणे माजली ते वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. महिनाअखेरीस दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय जनता जन्मात प्रथमच मतदानाच्या रांगेत उभी राहिली. त्या रांगांची छायाचित्रे पाहून कोणाचे डोळे पाणावले नाहीत? माराकेशमध्ये सह्यांचा सोहळा चालला होता त्याच १५ एप्रिलला, त्याच खंडात, न्तारामा येथील चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे पाच हजार लोकांवर हातबाँब आणि कोयते चालत होते.

आम्ही हे लिहितो ते जगाच्या निष्काळजीपणाची तक्रार करण्यासाठी नव्हे. ती तक्रार सोपी आहे आणि पुष्कळांनी केली आहे. आमची तक्रार घरातली आहे. रवांडाचा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या तोंडी दोन वाक्ये हमखास येतात. पहिले, ‘ते आफ्रिकेतल्या टोळ्यांचे जुने वैर होते.’ दुसरे, ‘ज्यांनी ते केले ते खरे ख्रिस्ती नव्हतेच.’ ही दोन्ही वाक्ये आम्हांला मान्य नाहीत.

टोळ्यांचे वैर म्हणावे, तर हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, किन्यारवांडा. टेकड्या त्याच, देव तोच, आणि परस्परांत सोयरीकही होत असे. गुरे बाळगणारा आणि शेत कसणारा यांच्यात उच्चनीचता होती, नाही असे नाही. परंतु त्या भेदाचे ‘वंशा’त रूपांतर करून १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर तो छापला बेल्जियमच्या राजवटीने. आणि त्या कामी तिचा सर्वांत जवळचा सल्लागार कोण, तर १९०० साली तेथे गेलेले आपले मिशनरी. सत्ता चालवायला तुत्सीच जन्मले आहेत असे प्रथम आमच्याच शाळांनी शिकविले आणि कारकुनीपासून सरदारकीपर्यंतच्या वाटा त्यांना खुल्या केल्या. राजा मुतारा रुदाहिग्वा याचा १९४३ साली स्नानसंस्कार झाला, १९४६ साली त्याने सारा देश ख्रिस्तराजाला वाहिला, आणि युरोपातील मिशन-पत्रिकांनी या ख्रिस्ती राज्याचे कौतुक केले. पुढे वारा फिरला. तुत्सी स्वातंत्र्य मागू लागले, तेव्हा मिशनऱ्यांची सहानुभूती हुतूंकडे वळली. स्विस बिशप आन्द्रे पेरोदँ यांनी १९५९च्या उपवासकाळात काढलेल्या परिपत्रकात न्याय आणि प्रीती यांचीच मागणी होती. त्यांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. पण तेथील विषमता ‘वंशा’च्या भाषेत मांडली गेली आणि त्याच वर्षी तुत्सींची घरे पेटू लागली. पन्नास वर्षांत आम्ही बाजू बदलली, वही मात्र तीच ठेवली.

आणि ‘खरे ख्रिस्ती नव्हते’ हे दुसरे वाक्य? मग खरे कोण? किगालीचे आर्चबिशप विन्सेंट न्सेंगियुम्वा अनेक वर्षे सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे सभासद होते. न्यांगे येथील धर्मगुरू आतानाझ सेरोम्बा याच्या चर्चमध्ये सुमारे दीड हजार तुत्सी आश्रयाला आले होते. १६ एप्रिल १९९४ रोजी ते चर्च बुलडोझरने त्यांच्या अंगावर पाडण्यात आले. हा धर्मगुरू पुढे इटलीत नाव बदलून धर्मग्रामात सेवा करीत राहिला. २००८ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने अपिलात त्याला जन्मठेप दिली. सोवु येथील मठाच्या दोन धर्मभगिनींना २००१ साली ब्रुसेल्सच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. उलट बिशप मिसागो यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही आणि २००० साली ते निर्दोष सुटले, हेही नोंदविले पाहिजे. आणखीही एक गोष्ट नोंदवू: कत्तलीत सुमारे शंभर धर्मगुरू मारले गेले, ७ एप्रिलला किगालीतील जेझुइटांच्या ध्यानकेंद्रात सतरा जणांना ठार करण्यात आले. आर्चबिशप न्सेंगियुम्वा यांनाही जूनमध्ये बंडखोर सेनेच्या सैनिकांनी दोन बिशपांसह ठार केले. सारी ख्रिस्तसभाच खुनी होती असे म्हणणारे या मृतांचा अपमान करतात. परंतु याच मृतांच्या आड लपणारे आम्ही त्यांचा कमी अपमान करतो काय?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५ मे १९९४ रोजीच या हत्याकांडात कॅथॉलिकही जबाबदार असल्याचे सांगितले होते. दोन वर्षांनंतरच्या पत्रात मात्र त्यांनी लिहिले की सभासदांच्या गुन्ह्यांसाठी ख्रिस्तसभेला सभा म्हणून दोषी धरता येत नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने त्याची मांडणी कोणी कशीही करो, न्यांगेच्या ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या विधवेला ते वाक्य कसे वाचून दाखवावे हे आम्हांला समजत नाही. रवांडाच्या बिशपांनी सर्व धर्मग्रामांतून क्षमायाचनेचे पत्र वाचले ते नोव्हेंबर २०१६ मध्ये. मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सभासदांच्या, धर्मगुरू व व्रतस्थांसह, पापांबद्दल देवाची क्षमा मागितली. ‘सभेच्या’ हा एक शब्द उच्चारायला तेवीस वर्षे लागली.

कोणी विचारील, हे आमच्या त्रैमासिकात कशासाठी? आमच्या वस्त्यांत कोयते नाहीत. खरे आहे. वही मात्र आहे. स्थळ पाहताना मुलगी कॅथॉलिक आहे एवढ्यावर आपले समाधान होते का? कोणत्या वाड्याची, कोणत्या जातीतून आलेली, हे विचारल्याशिवाय बोलणी पुढे सरकतात का? रवांडाच्या बिशपांनी क्षमा मागितली त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २०१६ मध्ये, भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आतही दलित बांधवांशी भेदभाव होतो हे मान्य केले. आपल्यापैकी कितींनी ते वाचले? आम्ही रवांडाची आणि आपली बरोबरी करीत नाही. तशी बरोबरी करणे त्या मृतांशी प्रतारणा ठरेल. पण एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांची जन्मावरून वर्गवारी करण्याची सवय तेथेही कोणाला प्रथम धोकादायक वाटली नव्हती.

न्यांगेचीच आणखी एक हकिकत. मार्च १९९७ मध्ये तेथील शाळेत बंदूकधारी घुसले आणि त्यांनी मुलांना हुतू एकीकडे व तुत्सी दुसरीकडे उभे राहण्यास फर्मावले. मुले हलली नाहीत. आम्ही सारे रवांडाचेच आहोत, असे त्यांनी सांगितले आणि त्यांतील काही तेथेच मारली गेली. शेजारचे चर्च पडले तेव्हा ही मुले किती लहान असतील!

आणि फेलिसिते नियितेगेका. जन्माने हुतू, गिसेन्यी येथे समर्पित जीवन जगणारी, साठीच्या उंबरठ्यावरची बाई. आश्रयाला आलेल्या तुत्सींना ती सरहद्द ओलांडून जाण्यास मदत करीत असे. तिचा भाऊ सैन्यात अधिकारी होता. त्याने तिला निघून जाण्याचा निरोप धाडला. माझ्याजवळच्या या माणसांना सोडून मी येणार नाही, असे तिने कळविले. २१ एप्रिल १९९४ रोजी त्यांच्यासोबत तिला मारण्यात आले. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ९१२ संमत करून रवांडातील शांतिसेना २७० माणसांवर आणली.