होळीचा धूर आणि घरचा संगणक

वसंत ऋतु लागला कीं आमच्या शेतकरी बंधूंच्या मनांत एकच प्रश्न घोळूं लागतो: यंदा पाऊस कसा? होळीचा धूर कोणत्या दिशेस गेला हें कोणी पाहतो, कोणी बहावा फुलल्यापासून दिवस मोजतो, कोणी कावळ्यानें घरटें शेंड्यावर बांधलें कीं मधल्या बेचक्यांत याची चौकशी करतो. अक्षय्य तृतीयेस बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें घटमांडणी होते. शेतांत धान्यें वर्तुळाकार मांडतात, मधल्या खड्ड्यांत चार महिन्यांचीं चार ढेकळें व त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे काय हललें, काय भिजलें यावरून भाकित सांगतात. त्याच सुमारास घरांतील मुलगा अगर सून संगणक उघडून हवामान खात्याचा अंदाज वाचून दाखविते. दोन्ही ऐकून बी केव्हां घ्यावयाचें हें ठरतें. तेव्हां या दोघांची परीक्षा एकाच मापानें व्हावी, असें आम्हांस वाटतें.

पूर्वापार ठोकताळ्यांना हसणें सोपें आहे. आम्ही हसणार नाहीं. त्यांतील कांहींना आधार आहे. पेरणीचा हिशेब मृगापासून धरणाऱ्यांनीं तो सूर्याच्या गतीवर बसविला; म्हणून मृग दरसाल ७-८ जूनला लागतो व ऋतूशीं त्याचा मेळ राहतो. तिथीचें तसें नाहीं. अक्षय्य तृतीया २०२३ सालीं २२ एप्रिल रोजीं होती, २०२४ सालीं १० मे रोजीं आणि २०२५ सालीं ३० एप्रिल रोजीं. अठरा दिवसांचें अंतर उन्हाळ्यांत थोडें नव्हे. होळीच्या धुराचें तर त्याहून अवघड. तो त्या गांवचा, त्या घटकेचा वारा. डोंगराच्या पायथ्याचें गांव व नदीकांठचें गांव यांचे धूर एकाच रात्रीं दोन दिशांस जाऊं शकतात. मग पाऊस कोणत्या गांवचा धरावा?

बहाव्याची गोष्ट मौजेची आहे. तो फुलल्यापासून ४५ दिवसांनीं पाऊस येतो, असें म्हणतात. एप्रिलअखेर फुललेल्या झाडास ४५ दिवस मिळविले कीं जूनचा मध्य येतो, आणि मोसमी पाऊस मुंबईस सरासरीनें ११ जूनच्या सुमारास पोंचतो. म्हणजे झाडानें कांहीं न सांगतांहि उत्तर जुळतेंच! खरी कसोटी वांकड्या सालांत. २०२३ सालीं हा पाऊस मुंबईस २५ जूनला पोंचला, २०२५ सालीं २६ मे रोजींच. सबंध एका महिन्याचा फरक. या दोन्ही सालीं आपल्या बांधावरचा बहावा कोणत्या तारखेस फुलला, हें किती जणांनीं लिहून ठेवलें आहे? आम्हीं ज्यांस ज्यांस विचारलें त्यांपैकीं एकानेंहि नाहीं. जुळलें तेवढें आठवतें. चुकलें तें विसरतें. वहीखात्यांत केवळ जमेचीच बाजू लिहिणाऱ्यास आपण दुकानदार म्हणूं का?

आतां पडद्यावरच्या अंदाजाकडे वळूं. हवामान खात्याचा एप्रिलमधील अंदाज जून ते सप्टेंबरचा व सबंध देशाचा असतो. ८७ सेंटिमीटर ही दीर्घकालीन सरासरी. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे ‘सर्वसाधारण’. २०२३ सालीं अंदाज ९६ टक्क्यांचा होता व पाऊस ९४ टक्के झाला. अंकाचा अंदाज फारसा चुकला नाहीं. पण त्याच सालचा ऑगस्ट महिना देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला. तो अंक आपल्या शिवारांतल्या खंडाविषयीं बोलत नाहीं, आणि बोलतों असा खात्याचा दावाहि नाहीं. आपणच तो त्यावर लादतों.

शिवाय ज्या यंत्रावर हें सर्व पाहावयाचें, तेंहि ऐन उन्हाळ्यांत कुरकुरूं लागतें; आणि गंमत अशी कीं त्याच्याभोंवतीं नवे ठोकताळे जमले आहेत. कांहींहि बिघडलें कीं ‘व्हायरस शिरला’, जशी पूर्वीं नजर लागत असे. कोणी डब्यावर थाप मारतो. बंद करून पुनः चालू करण्याच्या उपायास मात्र आधार आहे. तात्पुरत्या स्मृतींत अडकलेला गुंता त्यानें मोकळा होतो. मळणीची धूळ पंख्यांत बसली कीं यंत्र तापून आपणहून बंद पडतें. वीज काढून मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. घड्याळाचें उदाहरण तर पाहण्यासारखें आहे. यंत्राच्या पोटांत नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. ती संपली कीं वीज गेल्यावर यंत्र तारीख विसरून कित्येक वर्षें मागें जातें. मग हवामानाचें पान ‘सुरक्षित नाहीं’ अशी सूचना येते, कारण त्या पानाचें प्रमाणपत्र चुकीच्या तारखेस लागूच नसतें. आमच्या पाहण्यांतील एका घरीं याच कारणास्तव व्हायरसचा संशय घेऊन सबंध यंत्र पुसून घेण्यांत आलें. त्याबरोबर पांच वर्षांच्या पावसाच्या नोंदी, दुधाचा हिशेब आणि विम्यासाठीं काढलेलीं पिकांचीं छायाचित्रें गेलीं. बॅटरी अगदीं थोडक्या पैशांत मिळते.

या नोंदींचें मोल बी-खतापेक्षां कमी नाहीं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावांचून पेरूं नये, असा कृषि विभागाचा सल्ला आहे. आणि तो आंकडा धूर सांगत नाहीं, पडदाहि सांगत नाहीं, अंगणांतलें पर्जन्यमापक सांगतें. तें रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचावें, आंकडा शाईनें बांधीव वहींत लिहावा, मग संगणकांत उतरावा, व एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून तो यंत्रापासून वेगळा ठेवावा. वळिवाचे ढग गडगडूं लागण्यापूर्वींच संगणकाची वीज व इंटरनेटची तार दोन्ही काढाव्या. विजेचा लोंढा तारेवाटेंहि येतो.

ज्यांचा धुरावर व बहाव्यावर विश्वास आहे त्यांनींहि त्याच वहींत तीन रकाने वाढवावे: धुराची दिशा, बहाव्याची पहिली तारीख, आणि पेरणीजोगा पाऊस झाला तो दिवस. सभासदांनीं हीं पानें कार्तिकांत आमच्याकडे पाठवावीं; जुळलेलीं व चुकलेलीं दोन्ही आम्ही छापूं.