डुकराची ताजी तंगडी भाजण्याविषयी

अमेरिकेत डुकराची मागची सबंध तंगडी, न खारवता व धूर न देता, घरच्या भट्टीत भाजण्याचा प्रघात आहे. वजन सहा-सात किलो असते; भट्टी १६३ अंश सेल्सिअसवर ठेविल्यास पाच तास सहज लागतात. एवढ्या मोठ्या तुकड्याचा परिपाक घड्याळावर सोपविणे आम्हांस मुळीच मान्य नाही. उष्णतामापकाची सुई, हाडास न टेकविता, मांसाच्या मध्यभागी खुपसावी आणि तिचेच ऐकावे.

पूर्वी आतील उष्णता ७१ अंशांपर्यंत नेण्याचा तेथील सरकारी सल्ला असे, व मांस अगदी कोरडे पडे. २०११ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने सबंध तुकड्यांपुरती ही मर्यादा ६३ अंशांवर आणिली. मात्र भट्टीतून काढल्यावर निदान तीन मिनिटे मांस तसेच राहू द्यावयाचे. लोकांच्या मनात मुख्य धास्ती होती ती ट्रिचिनेला नामक कृमीची. ती दूर करण्याचे श्रेय स्वयंपाक्याचे नव्हे, डुकरे पाळणाऱ्याचे आहे, आणि ते त्यास क्वचितच दिले जाते. कच्चे खरकटे चारणे मागे पडले (त्याविषयी १९८० साली तेथे कायदाही झाला), जनावरे बंदिस्त जागेत वाढू लागली, तेव्हा कृमी दुर्मिळ झाला.

आमच्याकडे कोणी हा पदार्थ करू म्हणेल, तर त्याने प्रथम डुक्कर कोठे वाढले ते विचारावे. गावच्या उकिरड्यावर मोकाट चरलेल्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या अळ्यांचे भय असते. असे मांस किंचित कोरडे झाले तरी चालेल. ७१ अंश झाल्याखेरीज ते भट्टीबाहेर काढू नये.