पाणी की वारा?

१/ प्रोसेसर द्रवाने थंड करावा की हवेने, हा वाद आजच्या गेमिंग संगणकांचा मानला जातो. त्याचा इतिहास बराच जुना आहे आणि तो द्रवाच्या बाजूने फारसा बोलत नाही.

२/ १९८५ च्या क्रे-२ महासंगणकात सर्किटेच फ्लोरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. आयबीएमचे मोठे मेनफ्रेम पाण्यावर थंड होत. १९९० च्या दशकात आयबीएमने बायपोलर ट्रान्झिस्टर सोडून कमी वीज खाणारे सीमॉस तंत्र स्वीकारले आणि मेनफ्रेम पुन्हा हवेवर आले.

३/ टेबलावरचा बोलका दाखला ॲपलचा. जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवर मॅक जी-५ सादर करताना वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचे वचन दिले. वर्षाने मिळाले २.५, तेही द्रवशीतनासह! ९० नॅनोमीटरच्या चिपांमध्ये विजेची गळती वाढली होती. पाणी हा अडलेल्या चिपला दिलेला टेकू होता. पुढे यांतील काही यंत्रांतून द्रव गळून आतले भाग निकामी झाले. २००६ चा इंटेलवरचा मॅक प्रो निमूटपणे पंख्यांकडे परतला.

४/ तितक्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता सामावते, हे खरे. पण रेडिएटरचा पंखा ती उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच देतो. सतत शेकडो वॅट ओतणाऱ्या किंवा उंच हीटसिंक न मावणाऱ्या यंत्राला पाणी शोभते. इतरत्र पंखाच बरा: तो बिघडला तर चिप मंदावते, आणि नवा बसवायला चार स्क्रू पुरतात.