राजकन्येला पाय हवेत

मैत्रिणींनो, खेळण्यावर लेख लिहायचा असं मी ठरवलं तेव्हा आमच्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीनं विचारलं, "अगं, हुंडा आहे, दारू आहे, कापूस वेचणीच्या मजुरीचा प्रश्न आहे, आणि तू प्लास्टिकच्या विटांवर कागद खर्च करणार?" प्रश्न रास्त आहे. पण बाईनं कोणतं काम करायचं आणि कोणतं करायचं नाही, हे तिला लग्नाच्या मांडवात कुणी सांगत नाही. ते ती त्याच्या फार आधी, घरातल्या फरशीवर खेळता खेळता शिकलेली असते. भातुकलीची चूल तिच्याकडे आणि गाडी, बंदूक, विटा भावाकडे, ही वाटणी कुणी ठराव करून केलेली नसते. म्हणूनच ती मोडायलाही कुणी उठत नाही. तेव्हा खेळण्याचं परीक्षण हेही आपलंच काम आहे असं मी मानते.

हे खेळणं म्हणजे किल्ल्याचा संच. प्लास्टिकच्या लहान-मोठ्या विटा एकमेकींवर दाबून बसवायच्या आणि परीकथेतला किल्ला उभा करायचा. अजिंठ्याला आमच्या घरी हा संच पुण्याहून आला, माझ्या भावाच्या मुलाच्या वाढदिवसाला. तो आठ वर्षांचा, त्याची बहीण अकराची. किंमत साडेतीन हजारांच्या वर. आमच्या सिल्लोड तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बाईच्या हातात एवढे पैसे यायला तिला किती दिवस उन्हात वाकावं लागतं, हा हिशेब मनात येतोच. म्हणूनच एवढे पैसे घालून घरात नेमकं काय येतं, ते नीट पाहायला हवं.

आधी गुण सांगते. या विटेच्या पाठीवर गोल उंचवटे असतात आणि पोटात पोकळ नळ्या. खालच्या विटेचे उंचवटे वरच्या विटेच्या नळ्या आणि कडा यांच्या मधल्या जागेत घट्ट बसतात, आणि हवं तेव्हा सुटतातही. डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीनं १९५८ साली या जोडणीचं पेटंट घेतलं. आज अशा विटा अनेक कंपन्या करतात. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या तरी त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात, असा गणितींचा हिशेब आहे. विटेवर वीट सरळ रचत गेलं तर भिंत सांध्यातून फुटते, वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसवली तर टिकते, ही गोष्ट आमच्या दोन्ही मुलांना कुणी सांगितली नाही. भिंत दोनदा पडल्यावर ती त्यांना कळली. नकाशा वाचणं, मोजणं, चुकलं तर उसवून पुन्हा करणं, हे सगळं यात आहे. खेळणं म्हणून ते उत्तमच आहे.

आता खोक्यातल्या माणसांकडे वळू. एक राजा, चार शिपाई, एक जादूगार आणि एक राजकन्या अशी सात माणसं निघाली. शिवाय आग ओकणारा एक पंखांचा राक्षसी प्राणी. सहाही पुरुषांना कमरेत वाकणारे पाय आहेत. ते चालतात, बसतात, घोड्यावर स्वार होतात. राजकन्येला पायच नाहीत. तिच्या कमरेखाली घागऱ्याच्या आकाराची एक भरीव उतरती वीट आहे. ती बसू शकत नाही, घोड्यावर चढू शकत नाही. तिची जागाही पुस्तिकेत ठरलेली आहे: सगळ्यात वरच्या मनोऱ्याची खिडकी.

थोरलीनं तिसऱ्या दिवशी एका शिपायाचं धड त्याच्या पायांवरून उपटलं, ते घागऱ्यावर बसवलं आणि मोकळे झालेले पाय राजकन्येला लावले. धाकट्यानं घर डोक्यावर घेतलं. "माझा शिपाई बाई झाला!" ती शांतपणे म्हणाली, "मग तो खिडकीत उभा राहील. कुणीतरी राहायला हवं ना तिथे?" स्त्रीमुक्तीवरची माझी काही भाषणं यापेक्षा लांबलचक आणि कमी परिणामकारक झाली असतील.

हे एकाच खोक्यापुरतं आहे असं समजू नका. लेगोचा माणसांसह आलेला पहिला मोठा किल्ला १९७८ चा, पिवळ्या विटांचा. त्यात चौदा माणसं होती, सगळा कारभार सरदार-शिपायांचा. गंमत अशी, की त्याच्या चारच वर्षं आधी, १९७४ साली, याच कंपनीनं पालकांना एका पत्रकातून सांगितलं होतं, की काहीतरी घडवण्याची ओढ मुलात आणि मुलीत सारखीच असते. पुढे बाजारानं हे शहाणपण गुंडाळून ठेवलं. २०१२ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी-जांभळ्या रंगांची खास मालिका काढली गेली. तिच्यातल्या बाहुल्यांची मनगटं वळत नाहीत आणि पाय वेगवेगळे हलत नाहीत. अमेरिकेत यावर बराच गदारोळ झाला, हजारो सह्यांचं निवेदन गेलं. २०१४ मध्ये सात वर्षांच्या एका मुलीनं कंपनीला पत्र लिहून विचारलं, की खेळातल्या मुली नुसत्या घरी बसतात, समुद्रावर जातात, खरेदी करतात, आणि मुलगे मात्र साहसं करतात, असं का? त्याच वर्षी एका स्त्री भूरसायनशास्त्रज्ञेच्या कल्पनेवरून तीन शास्त्रज्ञ स्त्रियांचा संच निघाला आणि तो हातोहात खपला. २०२२ मधल्या किल्ल्याच्या मोठ्या संचात ४,५१४ तुकडे आणि बावीस माणसं आहेत, आणि त्यांच्यावर राज्य करते ती राणी. म्हणजे बोललं की बदलतं. पण हा चार हजारांवर तुकड्यांचा संच आपल्यापैकी कितीजणींच्या घरी येणार? आपल्या बाजारात येतात ते अजूनही बिनपायांच्या राजकन्येचे.

खिडकीतली राजकन्या आम्हा अजिंठेकरांना तशी नवी नाही. आमचं गाव घाटाच्या वर, जुना तट आणि वेशी असलेलं. लेणी घाटाखाली फर्दापूरच्या बाजूला. सोळाव्या लेण्यात 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेलं पाचव्या शतकातलं चित्र आहे. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी, असं मानतात. नवऱ्यानं भिक्षूची वस्त्रं घेतल्याची बातमी ऐकून ती कोसळली आहे, दासी तिला सावरताहेत. चित्र असामान्य आहे, त्यातली वेदना खरी आहे. पण कथेतली कामाची वाटणी पाहा. घर सोडायचा निर्णय त्याचा, कोसळायचं तिनं. दीड हजार वर्षांनी आलेल्या प्लास्टिकच्या किल्ल्यातही बाईला काम तेच: वरून बघत राहायचं.

खऱ्या किल्ल्यांची हकिकत मात्र वेगळी आहे. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्याला वेढा घातला आणि सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं. चाँदबिबी स्वतः त्या खिंडारात उभी राहिली, आणि रातोरात तिनं तट पुन्हा बांधून घेतला. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा अठराव्या शतकातला जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांचा. या दोघी बांधणाऱ्या बाया आहेत. तरी दिवाळीत मातीचा किल्ला करायची वेळ आली की बऱ्याच घरांत माती मुलगे कालवतात आणि मुलींना सांगितलं जातं, तू दारात रांगोळी काढ. किल्ल्यावर मांडायच्या चित्रांतही शिवाजीमहाराज, मावळे, तोफा आणि डोक्यावर घागर घेतलेली गवळण. तीही वाहणारीच, रचणारी नाही.

आणि हे खेळापुरतं राहत नाही. कुठल्याही इमारतीच्या कामावर जाऊन उभ्या राहा. वाळू चाळणारी, घमेलं डोक्यावर घेऊन परांची चढणारी बाई तुम्हाला दिसेल. वीटभट्टीवर विटा थापणारी आणि वाहणारीही तीच. पण थापी आणि ओळंबा पुरुषाच्या हातात. भिंत तो रचतो म्हणून तो गवंडी, त्याची मजुरी जास्त. ती 'बिगारी', तिची मजुरी कमी. समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला. पण तिचं काम मुळात 'समान' नाहीच असं म्हटलं की मुकादमाचं काम भागतं. वर्षानुवर्षं विटा वाहणाऱ्या बाईला थापी का दिली जात नाही? 'बायकांना ते जमत नाही' हे उत्तर फार लहानपणी तयार होतं. भाऊ विटा रचत असतो आणि बहीण त्याला हवी ती वीट शोधून देत असते, तेव्हाच ते तयार होत असतं. आमच्या घरात पहिले दोन दिवस हेच चाललं होतं. पुस्तिका धाकट्याच्या मांडीवर, आणि थोरली ढिगातून तुकडे वेचून त्याच्या हातात देणारी. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

म्हणून मला विचाराल तर खोक्याच्या रंगापेक्षा मोठे दोन प्रश्न आहेत. पुस्तिका कुणाच्या मांडीवर आहे? आणि मुलीला खेळायला वेळ किती मिळतो? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरातली बिनमोलाची कामं करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. ही पाहणी सहा वर्षांच्या वरच्या सगळ्यांची आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे आपल्या पोरी त्यात आल्या. किल्ला उभा करायला सलग दोन तास लागतात. मध्येच 'पाणी आण', 'चहा ठेव', 'धाकट्याला बघ' अशी हाक आली की भिंत अर्धी राहते. आठ वर्षांच्या मुलाला अशी हाक सहसा येत नाही. मुलीला महागडा संच आणून दिला आणि वेळ दिला नाही, तर तो संच शेवटी भावाचाच होतो आणि पसारा आवरायला तेवढी ती राहते.

मुलांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. २०२१ मध्ये लेगो कंपनीनंच अनेक देशांत करून घेतलेल्या एका पाहणीत, 'मुलींचं' समजलं जाणारं खेळणं घेतलं तर आपली चेष्टा होईल अशी भीती ७१ टक्के मुलग्यांनी सांगितली. उलट बाजूची भीती सांगणाऱ्या मुली ४२ टक्के होत्या. म्हणजे कुंपण मुलग्यांभोवतीही आहे, आणि अधिक उंच आहे. आमच्या धाकट्याचा आरडाओरडा हट्टाचा कमी आणि या भीतीचा जास्त होता, असं मला वाटतं. भातुकलीला हात लावायची चोरी झालेला मुलगा पुढे चुलीलाही हात लावत नाही, आणि त्याची किंमत पुन्हा एखादी बाईच मोजते.

मग असा संच घ्यावा का? परवडत असेल तर जरूर घ्यावा, पण पाहून. साध्या, सगळीकडे चालणाऱ्या विटा जास्त आणि एकाच जागी बसणारे नक्षीचे तुकडे कमी असतील तो संच चांगला. पहिला किल्ला मोडून उद्या शाळा, परवा विहीर बांधता आली पाहिजे. माणसांचे पाय सुटे होतात का ते विचारा. खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांपासून हे तुकडे लांब ठेवा, घशात अडकतात. परवडत नसेल तर पाच-सहा घरांनी किंवा बचत गटानं मिळून एक संच घ्यावा आणि आठवड्याचा एक दिवस तो फक्त मुलींच्या हाती द्यावा. तेही नको असेल तर काळी माती, दगड आणि गोणपाट फुकट आहेत; यंदाच्या दिवाळीत किल्ला मुलींनी बांधावा आणि रांगोळी मुलग्यांनी काढावी.

आणि एक गोष्ट आजच करता येईल, तिला पैसे लागत नाहीत. मुलगी खाली बसून काहीतरी रचत असेल, तेव्हा चहाला तिला हाक मारू नका. दुसऱ्या कुणाला तरी उठवा. नाहीतर आपण स्वतः, किंवा घरातल्या कर्त्या पुरुषानं, आधण ठेवावं.