रत्नागिरी जिल्ह्यातील फेरीबोटींचे विद्युतीकरण आणि सार्वजनिक निधी

रत्नागिरी जिल्ह्यातील खाड्यांवर डिझेलवर चालणाऱ्या वाहनवाहू फेरीबोटींच्या जागी विजेवरील बोटी आणायच्या झाल्यास त्यांचा खर्च कोणी उचलावा, हा कोकणच्या जलवाहतुकीतील एक महत्त्वाचा धोरणात्मक प्रश्न आहे. चर्चेत तो बहुधा 'अनुदान द्यावे की देऊ नये' असा मांडला जातो. प्रत्यक्षात सार्वजनिक पैशातून बोट विकत घ्यायची, किनाऱ्यावरील सुविधा उभारायच्या की प्रवाशांना मिळणारी सेवा, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

पार्श्वभूमी

कोकणात नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, तर माणसांचा प्रवास बराचसा उत्तर-दक्षिण होतो. त्यामुळे प्रत्येक खाडीवर पूर्वी 'तर' असे. माणसे होडीतून पलीकडे जात, वाहनांना मात्र वळसा घ्यावा लागे. वाशिष्ठीच्या मुखाशी दापोली तालुक्यातील दाभोळ आणि गुहागर तालुक्यातील धोपावे ही गावे समोरासमोर आहेत, पण रस्त्याने जायचे तर चिपळूणचा मोठा फेरा पडतो. येथे २००३ मध्ये वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. स्थानिक लोक तिला 'जंगलजेटी' म्हणतात. सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन सर्व्हिसेस या खासगी कंपनीने ही सेवा सुरू केली आणि पुढे सावित्रीच्या मुखावरील वेशवी–बागमांडला व शास्त्री नदीच्या खाडीवरील तवसाळ–जयगड येथेही तशाच सेवा दिल्या. १९९६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ परवाने आणि जेट्टी यांचा कारभार पाहते. बोट खासगी आणि धक्का सार्वजनिक, ही विभागणी वादाच्या मुळाशी आहे.

निधीच्या योजनांतील पोकळी

विद्युत वाहनांना उत्तेजन देणाऱ्या सरकारी योजना प्रामुख्याने रस्त्यापुरत्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक व बस आहेत, बोट नाही. केंद्राच्या जहाजबांधणी आर्थिक साहाय्य धोरणात विद्युत किंवा संकरित बोटींसाठी साहाय्याची तरतूद आहे, पण ते जहाजबांधणी कारखान्याला मिळते. बोट चालवणाऱ्याला ते किमतीतून पोहोचले तरच पोहोचते. जानेवारी २०२४ मधील 'हरित नौका' हा दस्तऐवज मार्गदर्शक तत्त्वांचा आहे. 'सागरमाला' कार्यक्रमातून जेट्ट्यांसाठी निधी मिळू शकतो, म्हणजे पुन्हा धक्क्यालाच.

प्रवाशाच्या बाजूनेही विषमता आहे. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एस.टी.चे भाडे निम्मे आहे आणि त्या सवलतीची भरपाई राज्य सरकार महामंडळाला करते. ही योजना एस.टी.पुरती आहे. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या महिलेसाठी खाडी हाच रस्ता असला, तरी तिच्या बोटीच्या तिकिटाला तो लाभ नाही.

इतर ठिकाणचे अनुभव

केरळमध्ये वैक्कम–तवणक्कडवु मार्गावर जानेवारी २०१७ मध्ये 'आदित्य' ही ७५ आसनांची सौर बोट सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये कोची जलमेट्रोचे उद्घाटन झाले. सुमारे १,१३७ कोटींच्या या प्रकल्पाला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे कर्ज आहे. कोकणातील विद्युतीकरणाचे समर्थक ही उदाहरणे हमखास देतात. मात्र या दोन्ही प्रवासी बोटी आहेत. जंगलजेटीवर मोटार, रिक्षा आणि आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो चढतो. त्या वजनासाठी लागणारी शक्ती आणि बॅटरी वेगळीच असते. गोव्यात २०२२ मध्ये आणलेली सौर फेरीबोट नियमित सेवेत रुळू शकली नाही, आणि तीही वाहने नेणारी नव्हती.

अधिक जवळचे उदाहरण नॉर्वेतील आहे. लाविक–ओप्पेदाल या सुमारे सहा किलोमीटरच्या मार्गावर २०१५ मध्ये सुमारे १२० मोटारी नेणारी 'अँपेअर' ही विद्युत बोट सुरू झाली. तेथील रस्ते प्रशासनाने कमी प्रदूषणाची अट घालून सेवेचे दीर्घ मुदतीचे कंत्राट दिले आणि बोट बांधण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली. गावातील वीजवाहिनी अशक्त असल्याने दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या ठेवाव्या लागल्या. त्या दिवसभर हळूहळू भरतात आणि बोट लागताच तिला झटकन वीज देतात.

वीजपुरवठ्याचा प्रश्न

दाभोळच्या खाडीवर अंजनवेल येथे प्रचंड वायू-वीज प्रकल्प आहे, जयगडला १,२०० मेगावॅटचे कोळशावरील केंद्र आहे. म्हणजे फेरीबोट वीजनिर्मितीच्या दारातूनच जाते. पण धक्क्यापर्यंत येणारी वाहिनी गावाच्या घरगुती भाराची असते. शिवाय कोळशाच्या विजेवर बोट चालवल्यास धूर खाडीतून हटतो, नाहीसा होत नाही. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा आपत्तीत धक्क्यावर साठा किंवा डिझेलची पर्यायी सोय नसेल, तर सर्वाधिक गरजेच्या वेळीच बोट उभी राहील. संकरित बोटीचा पर्याय त्यामुळे केवळ तडजोड म्हणून बाजूला सारता येत नाही.

पुलांचा पेच

अनुदानाला होणारा सर्वांत वजनदार आक्षेप पर्यावरणाशी संबंधित नाही. रेवस–रेड्डी सागरी महामार्गावर बाणकोट आणि जयगडसह अनेक खाड्यांवर पूल बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. पूल झाल्यावर तेथील फेरीबोटीची मोटार-वाहतूक उरणार किती, हे विचारणे रास्त आहे. परंतु कोकणात पुलांना किती वर्षे लागतात, याचा दाखला बाणकोट खाडीवरील रखडलेला पूल आधीच देतो. बोट दुसऱ्या खाडीवर हलवता येते. धक्क्यावरील वीजवाहिनी हलवता येत नाही. म्हणून तवसाळ–जयगडला थेट भांडवली अनुदानापेक्षा पुलाच्या कामाशी जोडलेले मुदतबंद सेवा-कंत्राट अधिक सयुक्तिक ठरते. कंत्राट संपल्यावर बोट कोणाच्या मालकीची राहील आणि ती कोणत्या खाडीवर जाईल, हे निविदेतच लिहावे लागेल.