आश्रय देणाऱ्या घरांचा हिशेब

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटू लागल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले. नामांतराच्या शहिदांची नावे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ आहेत, ती असावीतच. परंतु गाव सोडून निघालेली माणसे पुढे कोणाच्या घरी राहिली, काय जेवली, हे आम्हांला इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळले.

आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. परभणीत दोन खणांचे पत्र्याचे घर. वडील जिनिंगमध्ये हमाल. पावसाळ्यात जिनिंग बंद असे आणि ज्वारीचा डबा तळाला गेलेला असे. अशा दिवसांत आईच्या मावसबहिणीचे सात जणांचे कुटुंब रात्री दाराशी आले. पाचांच्या घरात बारा माणसे दोन महिने राहिली. आईने भाकऱ्या लहान केल्या, कोणाची भाकरी कमी केली नाही. मावशी भूक नाही असे सांगून अर्धपोटी उठते, हे आईने ओळखले आणि त्यावरून दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. वाण्याची उधारी दिवाळीनंतरही फिटेना. आईचे चांदीचे गोठ गहाण पडले, ते पुन्हा घरी आले नाहीत.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा या गोठांची आठवण झाली. तेथील निर्वासितांना स्वतःच्या घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबांना ब्रिटिश सरकारने दरमहा ३५० पौंड देऊ केले. निर्वासितांना तेथे येऊन वर्ष झाल्यावर पुढे ते ५०० केले. त्याच काळात तेथे वीज आणि गॅसचे दर भडकले होते, तेव्हा ती रक्कम कितपत पुरली असेल हा प्रश्नच आहे. तरीही आसरा देणाऱ्या घरालाही खर्च असतो, एवढे तेथील शासनाने मान्य केले.

दानाचा मोबदला कसला मागता, असे आमचे एक ज्येष्ठ उपासक विचारतात. त्यांच्याविषयी आदर राखून आम्ही असहमत आहोत. आईने दिले ते दानच होते, तिने कधी काही मागितले नाही. पण त्या सात जणांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य होते, आणि ते एका हमालाच्या घराने पार पाडले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने व १९९५ च्या नियमांनी पीडितांना अर्थसाहाय्याचा हक्क मिळाला, हे मोठेच पाऊल. त्यांना थारा देणाऱ्या घराचा स्वतंत्र विचार मात्र अद्याप व्हायचा आहे. महिन्याचे तूरडाळीचे बिल पाहणारे आपल्या वसतिगृहाचे व्यवस्थापक आमचे म्हणणे चटकन समजतील. एक ताट वाढले की काय वाढते, हे त्यांना ठाऊक आहे.

१९९४ साली नामविस्तार झाला. ज्या घरांनी १९७८ साली आसरा दिला, तेथील चूल सांभाळणाऱ्या स्त्रिया आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी घरी जाऊन त्यांना विचारावे : कोण आले, किती दिवस राहिले, धान्य कोठून आणले, काय विकले, काय गहाण टाकले. आठवेल तेवढे लिहावे, तारखा चुकल्या तरी चालतील. विद्यालयाच्या ग्रंथालयात आम्ही त्यासाठी एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर आईच्या गोठांची नोंद केली आहे.